कळी कुणाची खुडायची?

प्रश्न : मी एका कॉलेजात वरिष्ठ लिपिक आहे. नवीन वर्ष सुरू होताना रॅगिंगविरोधी सूचना फलकावर लावायची असते. यंदा इंग्रजी मसुदा हाती आला, त्यात 'रॅगिंग विल बी निप्ड इन द बड' असं वाक्य होतं. मी शब्दकोश पाहून मराठी केलं, 'रॅगिंगचा कोणताही प्रकार कळीतच खुडून टाकण्यात येईल.' प्राचार्यांची सही झाली आणि सूचना मुलींच्या वसतिगृहातही लागली. तासाभरात रेक्टर मॅडम तो कागद फलकावरून काढून माझ्या टेबलावर घेऊन आल्या. म्हणाल्या, 'हे वाचून कोण आईबाप पोरगी ठेवेल इथे?' ऑफिसात दिवसभर हशा. शब्दकोशातला अर्थ तर बरोबर आहे ना? मग बिघडलं कुठे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : भाऊसाहेब, अर्थ बरोबर आहे, आणि मॅडमनी कागद काढला हेही बरोबर केलं.

मराठीत कळी ही लाडाची. माणूस खूश झाला की त्याची कळी खुलते. रुसलेल्याची कळी खुलवायला घर कामाला लागतं. लहान वयात कुणी गेलं की वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीत ओळ ठरलेली असते, 'उमलण्याआधीच कळी खुडली गेली.' आणि 'लेक वाचवा'च्या मोहिमेत गावोगावच्या भिंतींवर काय रंगवलं होतं आठवा. कळी खुडू नका, कळीला उमलू द्या, याच अर्थाच्या घोषणा होत्या ना? तेव्हा मराठी वाचकाच्या मनात कळी खुडणारा हात हा ठरलेला दुष्टाचा हात आहे. त्यातून फलक मुलींच्या वसतिगृहातला. वाक्याचा कर्ता कॉलेज, क्रिया खुडण्याची आणि आजूबाजूला सगळ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली. रॅगिंग हा शब्द वाचायच्या आधीच डोळा 'कळी'वर अडकणार.

('कळीचा नारद' यातली कळी वेगळी बरं का. ती कलहाची. ती खुडायला कुणाचीच हरकत नसावी.)

इंग्रजीत मात्र हे 'निप' करणारा माणूस शहाणा ठरतो. त्यानं वेळेवर पाहिलं, वेळेवर हात घातला, पुढचं संकट टाळलं. वाक्प्रचार वापरणाऱ्याच्या आवाजात समाधान असतं. तुमच्या मसुद्यात हे समाधान होतं, मराठीत येताना ते वाटेत गळालं आणि कळी तेवढी उरली.

आता इंग्रजांना कळीची दया का येत नाही, असं कुणी विचारेल. येत होती. हा वाक्प्रचार मुळात त्या दयेच्याच बाजूचा असावा असं मला त्याची जुनी उदाहरणं वाचून वाटतं. 'निप' म्हणजे चिमटीत धरून तोडणं, तसंच थंडीनं चावणंही. इंग्लंडात सफरचंदाचा मोहोर एप्रिल-मेमध्ये येतो, आणि थंडी गेली गेली म्हणताना एखाद्या निरभ्र रात्री पारा शून्याखाली उतरतो. उमललेल्या फुलाला उणे दोन अंशांच्या आसपासचा गारठाही पुरतो. सकाळी बागेत गेलं तर काही झालंय असं वाटतही नाही, पाकळ्या तशाच गुलाबी-पांढऱ्या असतात. फूल नखानं उकलून पाहिलं की आतला स्त्रीकेसर काळा पडलेला दिसतो. त्या फुलाचं फळ होणार नाही, झाड पुढे कितीही हिरवं दिसो. केंटच्या बागायतदाराला या रात्रींची भीती काय असते ते आपल्या निफाडच्या द्राक्षवाल्याला वेगळं सांगायला नको. कडाक्याच्या थंडीत रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून तोही जागतोच.

शेक्सपिअरच्या नावावरच्या 'आठवा हेन्री' नाटकात पदावरून कोसळलेला कार्डिनल वूल्सी माणसाच्या नशिबाबद्दल बोलतो. त्याचा आशय असा : आज आशेची कोवळी पालवी फुटते, उद्या मोहोर येतो, आणि तिसऱ्या दिवशी जीवघेणा गारठा पडून मूळच करपतं. तिथे क्रियापद हेच आहे, 'निप्स'. चावणारी थंडी आणि गमावणारा माणूस. टाळ्या वाजवायला कुणी नाही.

१५९५च्या एका इंग्रजी कथेत प्रेमाच्या भावना 'बहरातच' चिमटून टाकायचा सल्ला आहे, तिथे 'बड' नसून 'ब्लूम' आहे. १६०७ साली छापलेल्या 'द वूमन हेटर' या नाटकात मात्र नेमकी आजची शब्दरचना येते. भुवई चढवून मी मनातला आवेग कळीतच चिमटू शकते, अशा अर्थाचं बोलणं. बघा, चारशे वर्षांपूर्वी 'निप' होत होती ती प्रेमं आणि आवेग. पुढे हळूहळू बंडाळ्या, अफवा, वाईट सवयी, कामगारांचे संप या गोष्टी त्या जागी येऊन बसल्या आणि वाक्प्रचार प्रशासनाच्या नोकरीत लागला. आज तो परिपत्रकात भेटतो, प्रेमपत्रात नाही.

आयर्लंडच्या संसदेत अठराव्या शतकात सर बॉइल रोश नावाचे एक सभासद होते, गोंधळलेल्या उपमांसाठी प्रसिद्ध. त्यांच्या नावावर एक वाक्य सांगतात : 'अध्यक्षमहाराज, मला उंदराचा वास येतोय, तो हवेत तरंगताना, आभाळ काळवंडताना मला दिसतोय, पण मी त्याला कळीतच खुडीन!' (इंग्रजीत 'उंदराचा वास येणं' म्हणजे काहीतरी काळंबेरं असल्याचा संशय येणं.) भाऊसाहेब, तुमची सूचना याच्यापुढे काहीच नाही. मनाला लावून घेऊ नका.

वापराचं सांगते, कारण खरी गोम तिथे आहे. शाळेत मी हा वाक्प्रचार शिकवायचे तेव्हा मुलं अर्थ पाठ करून यायची, 'एखादी गोष्ट सुरुवातीलाच थांबवणे', आणि वाक्य लिहायची, 'ही निप्ड हिज स्टडीज इन द बड.' व्याकरणात काही खोट नाही. पण याचा अर्थ काय झाला? अभ्यास नावाची पीडा त्यानं वाढण्याआधीच बंद पाडली, छान केलं! (काही मुलांना तेच म्हणायचं असेल, ती गोष्ट वेगळी.) गरिबीमुळे शिक्षण सुटलं असं सांगायचं असेल तर हा वाक्प्रचार आज चालत नाही. एका मुलीनं लिहिलं होतं, 'माय फादर निप्ड हर लव्ह मॅरेज इन द बड.' मोठ्या बहिणीचं असणार, मी विचारलं नाही. मी तिला एवढंच म्हटलं, हे वाक्य तुझ्या वडिलांच्या तोंडी शोभेल. ताईच्या तोंडी दुसरं काहीतरी लागेल. कारण ज्या गोष्टीला 'निप' केलं ती नकोशीच होती, हा बोलणाऱ्याचा निकाल या शब्दांतच बसलेला आहे. तुम्ही तो वेगळा लिहा न लिहा, तो येतोच.

तो निकाल मान्य असेल तरच वाक्प्रचार वापरावा. अफवा, भांडण, टाळाटाळीची सवय, नुकती सुरू झालेली सर्दी, वर्गातली कॉपी यांना तो शोभतो. माणसाला लावू नये. 'निप द बॉय इन द बड' म्हटलं तर मुलाला चिमटा काढल्यासारखं वाटतं, किंवा त्याहून वाईट. आणि गोष्ट नुकती सुरू झालेली हवी. वीस वर्षं चाललेल्या हप्तेबाजीला कळीत खुडायला निघालेले पुढारी आपण भाषणांतून ऐकतो. तिथे कळी कसली, वडाला पारंब्या फुटून जमिनीत गेल्या आहेत. त्याला आपल्याकडे 'पाळंमुळं खणून काढणं' आहे ना, ते तिथलं. मराठीत हे अंतर सुरेख राखलेलं आहे : पाळंमुळं उशिरा खणतात, आणि लवकर करायचं असेल तर 'मूळ धरू देत नाहीत'.

तुमच्या सूचनेसाठी मला हाच शब्द बरा वाटतो. 'रॅगिंगला मूळ धरू दिले जाणार नाही.' 'डोकं वर काढू देणार नाही' हेही चालेल, त्यात जरा पोलिसी आवाज आहे, पण रॅगिंगला तोच हवा. 'अंकुरतानाच खुडून टाकू' असं काही वर्तमानपत्रं लिहितात. कळीपेक्षा बरं, तरी मला अंकुराचीही दयाच येते.

आणि एक आगाऊ सल्ला. वाक्प्रचार राहू दे, सरळ कायदा लिहा. महाराष्ट्रात १९९९चा रॅगिंग प्रतिबंध कायदा आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखानं चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करायचं. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, कॉलेजातून काढून टाकणं, आणि पुढे पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. हे चार आकडे फलकावर मोठ्या अक्षरात आले तर ज्याला वाचायचं तो कळीची वाट बघणार नाही.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही 'निप इन द बड' म्हणजे 'वाढ रोखणे' असं एका ओळीत दिलं होतं. बाई, मी कोरडवाहू शेतकरी आहे. हरभऱ्याचा शेंडा आम्ही खुडतो तो वाढ रोखायला नाही, फुटवे यावेत म्हणून. शेंडा खुडला नाही तर झाड उंच जातं, फांद्या कमी, घाटे कमी. मग इंग्रजांची ही म्हण शेतीच्या दृष्टीनं उलटीच म्हणायची का?
— एक वाचक, जिल्हा वाशिम

उत्तर : पत्र वाचून मला माझ्या सासूबाई आठवल्या. श्रीरामपूरकडची आमची शेती, आणि थंडीत हरभरा वितीपेक्षा थोडा वर आला की त्या सकाळच्या दवातच रानात उतरायच्या. पदराची ओटी करायची, अंगठ्याचं नख आणि पहिलं बोट यांत शेंड्याची कोवळी दोन पानं धरायची, किंचित मुरडायची, की टिक् असा आवाज. ओढायचं नाही. ओढलं तर रोप हलतं. सरीतून पुढे सरकताना हात खाली, नजर पुढच्या रोपावर. हरभऱ्याच्या पानावर आंब असते, तिच्यानं बोटं आंबट होतात आणि नखाशी बारीकशी चीर असेल तर चांगलीच झोंबते. मी शहरातून आलेली सून, एक ओळ झाली की बोटं चोखत उभी राहायचे. त्या म्हणायच्या, 'खुड गं, खुडल्यानंच फुटतंय.' दुपारी त्याच शेंड्यांची भाजी, ज्वारीची भाकरी, आणि उरलेला पाला वाळवायला. रान सुधारायचं आणि जेवणही व्हायचं.

तुम्ही म्हणता ते शास्त्रालाही धरून आहे. रोपाच्या शेंड्यातला डोळा ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार करतो आणि ते खाली उतरत बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की हा दाब उठतो, बगलेतले डोळे जागे होतात, फांद्या सुटतात. हरभऱ्यात हे फुलं लागण्याआधी, पेरणीनंतर साधारण महिनाभरानं करायचं. उशीर झाला तर खुडताना फुलंही जातात, मग मात्र इंग्रजी म्हण अक्षरशः खरी होते. शेवंतीवाले हेच करतात. दारातल्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडणारी बाई हेच करते, तिला ऑक्झिन माहीत नसेल.

पण इंग्रज उलटं बोलतात असं नाही, ते वेगळ्या जागेवर बोट ठेवतात. 'बड' हा त्यांचा शब्द फार ऐसपैस आहे. फुलाची कळी 'बड', पान फुटायचा कोंब 'बड', उसाच्या कांडीवरचा डोळा 'बड', गुलाबावर डोळा भरतात तोही 'बड'. आपल्याकडे या प्रत्येकाला वेगळं नाव आहे, कारण प्रत्येकाशी वेगळं वागायचं असतं. डोळा भरतात, कोंब जपतात, शेंडा खुडतात, फुटवे मोजतात, द्राक्षाच्या वेलीवरची बगलफूट काढतात, घडाची विरळणी करतात. द्राक्षवाल्याला विचारा, ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून तो काडीवर औषधाची पेस्ट लावतो, आणि त्यातल्याच नको असलेल्या फुटी थोड्या दिवसांनी स्वतःच्या हातानं काढतो. एकाच हाताचं काम, एकदा जागवायचं, एकदा खुडायचं. अशा माणसाला 'बड निप केला' एवढं सांगून भागत नाही, कुठला, ते सांगावं लागतं.

म्हणीतली कळी ही फुलाची, जिच्यापासून फळ व्हायचं. ती गेली की त्या जागी फळ नाही, विषय संपला. तुम्ही खुडता तो शेंडा. तिथे विषय संपत नाही, चौपट होतो. म्हणून 'निप इन द बड'चं मराठी करताना 'शेंडा खुडणे' कधीही लिहू नये. एखाद्या फौजदारानं 'गुंडगिरीचा शेंडा खुडला' असं म्हटलं तर वाशिमचा शेतकरी मनात म्हणेल, म्हणजे आता चार फांद्या फुटणार! आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तसंच होतं. टोळीचा म्होरक्या आत गेला की खालचे चार जण स्वतःची दुकानं थाटतात. त्या अर्थानं शेंडा खुडणं हा वाक्प्रचार मराठीत आणायलाच हवा, फक्त तो फौजदाराच्या कौतुकाला वापरू नये.

शेवंतीचं एक राहिलं. पुण्यात एम्प्रेस गार्डनला जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे ताटाएवढी शेवंती मांडलेली दिसते. तिथे शेंड्याची मुख्य कळी ठेवतात आणि बाजूच्या सगळ्या कळ्या अगदी वाटाण्याएवढ्या असतानाच काढतात. सगळं बळ एका फुलाला. इंग्रज माळ्याला या कामासाठी 'डिसबडिंग' असा वेगळा शब्द आहे, तो तिथे 'निप इन द बड' म्हणत नाही. म्हणजे बागेत काम करणाऱ्या इंग्रजालाही म्हण आणि काम यांतला फरक ठाऊक आहे. तो विसरतात ते आपण, परिपत्रकं लिहिणारे आणि परीक्षेचे पेपर काढणारे.

माझी मागच्या अंकातली ओळ इंग्रजी म्हणीपुरती होती. हरभऱ्याला ती लावू नका, खुशाल खुडा.

प्रश्न : माझा नातू न्यू जर्सीत शिकतो. परवा व्हिडिओ कॉलवर तो 'निप इट इन द बट' म्हणाला. मी 'बड' म्हणून दुरुस्त केलं तर म्हणाला, आजी, इथे सगळे 'बट'च म्हणतात. खरं कोणाचं?
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : खरं तुमचं. तिकडे हे चुकीचं रूप पुष्कळ ऐकू येतं हे मात्र नातवाचं खरं आहे. अमेरिकी बोलण्यात शब्दाच्या शेवटचे 'ड' आणि 'ट' पुसट होतात, आणि ज्यानं कधी झाडाची कळी हातानं तोडलेली नाही त्याला 'बट' ऐकू आलं तर नवल नाही. पण 'बट' म्हणजे पार्श्वभाग, आणि 'निप' म्हणजे चिमटा किंवा चावा. तेव्हा त्याच्या वाक्याचा अर्थ 'समस्येच्या कुल्ल्याला चावणे' असा होतो. हे त्याला व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर, मराठीतच सांगा. परत म्हणणार नाही.

त्याच्या निबंधात ही म्हण येणार असेल तर आणखी दोन गोष्टी बघा. 'बड' एकवचनीच राहतो, खुडायच्या गोष्टी दहा असल्या तरी 'बड्स' होत नाही. आणि जे खुडायचं ते मधे येतं : 'निप द रूमर इन द बड'. 'निप इन द बड द रूमर' असं आपली मुलं लिहून जातात. न्यू जर्सीतला मुलगा तसं लिहिणार नाही, पण त्याच्या डोंबिवलीतल्या चुलतभावाची वही एकदा बघून घ्या.